प्राणसंकट आणि असत्य : धर्मग्रंथांतील वादाचा आढावा

प्रश्नाची चौकट

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, पैनगंगेच्या अलीकडच्या काठावर झरी जामणी तालुका आहे. मुकुटबन, पाटण, शिबला, माथार्जुन या गावांभोवतीचा हा मुलूख कोलाम आणि गोंडांचा. या दोन्ही समाजांत भीमाची पूजा आहे. पैनगंगेपलीकडच्या आदिलाबाद भागातील गोंडांवर क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांचा ग्रंथ १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात भीमायक या दैवताची सविस्तर माहिती आहे. पोथीतल्या भीमाहून हा भीम बराच वेगळा असला, तरी हिडिंबेशी जोडलेला वनवासी भीम दोन्हीकडे ओळखीचा वाटतो.

महाभारतात भीम हिडिंबेच्या अरण्यात पोहोचतो तो लाक्षागृहातून निसटून. ती सुटका फसवणुकीने झालेली आहे. म्हणून धर्मग्रंथांतील एका जुन्या प्रश्नाकडे या भागातून पाहताना सुरुवात तिथूनच करणे सोयीचे ठरते. जीव धोक्यात असताना खोटे बोलणे, वेष पालटणे, समोरच्याची दिशाभूल करणे हे योग्य, अयोग्य, की अयोग्य असूनही क्षम्य?

हा प्रश्न दिसतो तितका एकसंध नाही. आपला जीव वाचवायचा आहे की दुसऱ्याचा? साधन कोणते आहे : मौन, अर्धसत्य, वेषांतर की उघड खोटे? आणि फसतो तो कोण : जिवावर उठलेला शत्रू की विश्वास टाकणारा माणूस? निरनिराळ्या परंपरांची उत्तरे निरनिराळी होतात, ती बरीचशी या तीन बाबींवर कोण किती भर देतो त्यामुळे.

महाभारत : चार प्रसंग

आदिपर्वात पांडवांना राहायला दिलेले वारणावताचे घर, म्हणजेच लाक्षागृह, ज्वालाग्राही पदार्थांचे आहे, हे विदुर इतरांना न कळणाऱ्या बोलीत युधिष्ठिराला सुचवतो. पुढे त्याने पाठवलेला खनक भुयार खणतो. पांडव मात्र काहीच ठाऊक नसल्यासारखे त्या घरात राहतात, दिवसा शिकारीच्या निमित्ताने वाटा पाहून ठेवतात आणि त्या घरावर नेमलेल्या पुरोचनाला गाफील ठेवतात. शेवटी भीमच आग लावतो. त्या रात्री कुंतीच्या अन्नदानाला आलेली एक निषाद स्त्री आणि तिचे पाच मुलगे मद्य पिऊन तिथेच झोपलेले असतात. सकाळी सहा मृतदेह सापडतात, कुंती आणि पांडव जळाले असे सर्वांना वाटते, आणि त्यामुळेच पाठलाग होत नाही.

दुसरा प्रसंग विराटपर्वातील अज्ञातवासाचा. कंक, बल्लव, बृहन्नडा, सैरंध्री या नावांनी पांडव आणि द्रौपदी वर्षभर विराटाकडे राहतात. ज्याच्या घरी राहिले त्यालाही खरे सांगितले जात नाही. या फसवणुकीला ग्रंथात फारसा आक्षेप घेतला जात नाही; शेवटी विराट संतापत नाही, उलट नाते जोडतो.

तिसरा प्रसंग कर्णपर्वातील असून पुढच्या साऱ्या शास्त्रचर्चेचा तो आधार ठरला. गांडीव दुसऱ्याला दे, असे म्हणणाऱ्याचा वध करण्याची अर्जुनाची प्रतिज्ञा असते आणि नेमका युधिष्ठिरच रागाच्या भरात तसे बोलतो. प्रतिज्ञा खरी करायची तर थोरल्या भावाला मारायचे. अशा वेळी कृष्ण त्याला कौशिकाची कथा सांगतो. कौशिक हा सदा सत्य बोलण्याचे व्रत घेतलेला तपस्वी. दरोडेखोरांच्या भीतीने काही लोक त्याच्यासमोरून रानात पळाले. मागोमाग आलेल्या दरोडेखोरांनी विचारले, तेव्हा त्याने खरे सांगितले. ती माणसे मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. कृष्णाचा उपदेश पायरीपायरीने जातो. न बोलून भागत असेल तर बोलू नये. बोलणे भागच असेल, किंवा न बोलण्यानेच संशय येत असेल, तर तिथे असत्य बोलणे बरे.

चौथा प्रसंग द्रोणवधाचा. 'नरो वा कुंजरो वा' हा वाक्प्रचार मराठीत त्यातूनच रुळला. इथे फसतो तो विश्वास टाकणारा गुरू. अश्वत्थामा मेला ही बातमी द्रोण युधिष्ठिराच्या तोंडून ऐकू पाहतो, कारण युधिष्ठिर खोटे बोलणार नाही याची त्याला खात्री आहे. पांडवांचे सैन्य संकटात आहे, म्हणून या प्रसंगाचाही बचाव करता येतो. पण महाभारत त्याची किंमत लावते. जमिनीपासून चार बोटे वर चालणारा युधिष्ठिराचा रथ खाली टेकतो आणि स्वर्गारोहणपर्वात त्याला नरक पाहावा लागतो.

चारही प्रसंग एकाच ग्रंथातले आहेत. एक निर्दोष, एक कर्तव्यरूप, एक सदोष, आणि लाक्षागृहाच्या बाबतीत ग्रंथ जवळजवळ गप्प. टीकाकारांपासून आजच्या अभ्यासकांपर्यंत सर्वांना याच विसंगतीची संगती लावावी लागली आहे.

स्मृतिकार आणि भाष्यकार

धर्मसूत्रे आणि स्मृती यांनी कथेऐवजी नियम दिले. कोणाचा जीव अवलंबून असेल तर असत्यात दोष नाही, असे गौतम धर्मसूत्र सांगते. पण लगेच पुस्ती जोडते की अत्यंत पापी माणसाचा जीव वाचवण्यासाठी ही सूट नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात साक्षीदाराच्या संदर्भात हाच विचार येतो. खरे सांगितल्याने चारपैकी कोणत्याही वर्णाच्या माणसाचा वध होणार असेल, तर तिथे असत्य सत्याहून श्रेष्ठ ठरवले आहे. मात्र तशी साक्ष देणाऱ्याने सरस्वतीप्रीत्यर्थ इष्टी करून शुद्ध व्हावे, असेही तिथेच म्हटले आहे. म्हणजे असत्य बोलणे योग्य आणि तरीही त्याचे प्रायश्चित्त आवश्यक, असे दुहेरी उत्तर मनूने दिले.

भागवताच्या आठव्या स्कंधात शुक्राचार्य बळीला हीच अपवादांची यादी ऐकवतात. वामनाला दिलेले वचन मोड, कारण तुझे सर्वस्व जाणार आहे, असा त्यांचा सल्ला. बळी तो नाकारतो आणि कथेत मोठा ठरतो. शास्त्राने दिलेली सूट घेतलीच पाहिजे असे नाही, हे या कथेतून निघते. हरिश्चंद्राच्या कथेचा कलही तिकडेच आहे.

योगसूत्रांवरील व्यासभाष्याने आणखी वेगळी वाट घेतली. वाणी प्राणिमात्रांच्या हितासाठी आहे. जे बोलल्याने प्राण्यांचा घातच होईल ते सत्यासारखे दिसले तरी सत्य नव्हे, असा त्याचा आशय. वाचस्पती मिश्र यांनी त्यावर लिहिताना दरोडेखोरांना वाटसरूंचा मार्ग दाखवणाऱ्या तपस्व्याचे उदाहरण घेतले. या मांडणीत अपवादाची गरजच उरत नाही, कारण सत्याची व्याख्याच अहिंसेच्या आत घेतली आहे. आक्षेप असा, की मग घातक ठरेल ते प्रत्येक सत्य सोयीने बाजूला टाकता येईल.

जैन आणि बौद्ध ग्रंथ

आचारांगसूत्रात वाटेत भेटलेले लोक साधूला विचारतात, इकडून कोणी माणूस किंवा जनावर गेले का? साधूने उत्तर न देता गप्प राहावे, हे स्पष्ट आहे. त्यापुढच्या वाक्याचे मात्र दोन अर्थ लावले जातात : माहीत असूनही 'मला माहीत आहे' असे म्हणू नये, किंवा माहीत असूनही 'मला माहीत नाही' असे म्हणावे. पहिल्या अर्थाने साधूचे सत्यव्रत अखंड राहते, दुसऱ्याने त्यात अपवाद येतो. बाराव्या शतकात हेमचंद्रांनी योगशास्त्रात कौशिकाचाच दाखला देऊन परपीडाकारक सत्य बोलू नये असे म्हटले. ब्राह्मणी परंपरेतील कथा जैन आचार्यांनी प्रमाण म्हणून घेतली, इतका तिचा आवाका होता.

विदर्भात १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर पंचशील घरोघरी पोहोचले. त्यातील चौथे शील असत्य न बोलण्याचे. पाली परंपरा इथे कडक आहे. हारितजातकात असे म्हटले आहे, की बोधिसत्त्वाच्या हातून पूर्वजन्मांत इतर शिले मोडली असतील, पण फसवण्याच्या हेतूने असत्य बोलणे कधीच घडले नाही. महायानात सूर बदलतो. सद्धर्मपुंडरीक सूत्रात घराला आग लागली आहे आणि मुले खेळात गुंगली आहेत. बाप त्यांना बाहेर सुंदर गाड्या ठेवल्या आहेत असे सांगून बाहेर काढतो. हे असत्य झाले का, असा प्रश्न बुद्ध स्वतःच विचारतात. शारिपुत्र उत्तरतो, की त्याने एकही गाडी दिली नसती तरी ते असत्य ठरले नसते, कारण हेतू जीव वाचवण्याचा होता. करुणेतून वापरलेल्या युक्तीला इथे तात्त्विक स्थान मिळाले.

ज्यू, ख्रिस्ती आणि इस्लामी परंपरा

बायबलच्या जुन्या करारात असे प्रसंग पुष्कळ आहेत. अब्राहाम इजिप्तमध्ये जिवाच्या भीतीने साराला बहीण म्हणून सांगतो. पुढे अबीमलेखाकडेही तेच करतो. ती त्याची सावत्र बहीण असल्याचे नंतर कळते, म्हणजे हेही एक अर्धसत्यच. पण त्यामुळे सारा परक्या राजाच्या घरात नेली जाते आणि दोन्ही राजे अब्राहामालाच जाब विचारतात. फारोची आज्ञा मोडून इब्री बाळे वाचवणाऱ्या सुइणी त्याला खोटे कारण सांगतात आणि देव त्यांचे भले करतो. यरीहोची राहाब हेरांना लपवून शिपायांना चुकीच्या वाटेला लावते आणि तिचे घराणे वाचते.

दाविदाची गोष्ट अधिक बोचरी आहे. शौलापासून पळताना तो नोब इथे याजक अहीमलेखाला आपण राजाच्या गुप्त कामावर आहोत असे सांगतो आणि त्याच्याकडून भाकर व तलवार घेतो. हे कळताच शौल पंच्याऐंशी याजकांची कत्तल करवतो. वाचून आलेल्या अब्याथाराला दावीद म्हणतो, की तुझ्या घराण्याच्या मरणाला मीच कारण झालो. सुटकेसाठी केलेल्या फसवणुकीचा भार फसवणाऱ्यानेच इतक्या उघडपणे उचलल्याची उदाहरणे धर्मग्रंथांत थोडी आहेत.

ज्यू धर्मशास्त्रात जीव वाचवणे हे बहुतेक सर्व आज्ञांहून वरचढ मानले जाते. मूर्तिपूजा, निषिद्ध शरीरसंबंध आणि खून एवढेच अपवाद. असत्य त्यांत नाही. ख्रिस्ती परंपरेत ऑगस्टीनने चौथ्या-पाचव्या शतकांत असत्यावर दोन स्वतंत्र ग्रंथ लिहून प्रत्येक असत्य पापच ठरवले. सुइणी आणि राहाब यांना फळ मिळाले ते दयेचे, खोटेपणाचे नव्हे, असा त्याचा खुलासा. त्याने गौरवलेले उदाहरण थागास्तेचा बिशप फिर्मस याचे आहे. आपण लपवलेल्या माणसाबद्दल मी खोटेही बोलणार नाही आणि त्याला धरूनही देणार नाही, असे त्याने सांगितले आणि छळ सोसला. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने सिद्धान्त तोच ठेवला, पण दुसऱ्याच्या भल्यासाठीचे असत्य हलक्या पापांत घातले आणि शहाणपणाने सत्य झाकून ठेवायला मोकळीक दिली.

कुराणाच्या सोळाव्या सुऱ्यात श्रद्धा नाकारणाऱ्यांचा निषेध करताना, मनाने श्रद्धावान राहून केवळ जबरदस्तीमुळे तसे बोलणाऱ्याला वगळले आहे. परंपरा ही आयत अम्मार इब्न यासिर यांच्या छळाशी जोडते. याउलट छळ सोसूनही न ढळलेल्या बिलाल यांची कथाही तितक्याच आदराने सांगितली जाते. सवलत वैध, सहन करणे अधिक थोर, असा समतोल अनेक सुन्नी शास्त्रज्ञांनी राखला; अल्पसंख्य म्हणून दडपणाखाली राहिलेल्या शिया परंपरेत 'तकिया'चा, म्हणजे संकटात श्रद्धा लपवण्याच्या मुभेचा, विचार अधिक विस्ताराने झाला. निरपराध माणूस जुलमी माणसापासून लपला असेल तर खोटे बोलणे कर्तव्यच ठरते, असे गझालीने लिहिले. गझाली आणि कृष्ण इथे एकाच निष्कर्षाला येतात.

मराठी चर्चा

आधुनिक मराठीत या प्रश्नाची सर्वांत विस्तृत मांडणी लोकमान्य टिळकांनी केली. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'च्या कर्मजिज्ञासा या प्रकरणात कौशिकाची कथा, मनूचे नियम आणि सिज्विक, लेस्ली स्टीफन यांसारख्या इंग्रज नीतिशास्त्रज्ञांची मते शेजारी ठेवली आहेत. युरोपीय लेखकांनीही अशी सूट दिली असताना केवळ भारतीय शास्त्रांना नावे ठेवणे गैर, हा त्यातला एक मुद्दा. अपवादात्मक असत्यालाही आपल्या शास्त्रकारांनी प्रायश्चित्त सांगितले, याकडेही त्यांनी लक्ष वेधले.

जानेवारी १९२० मध्ये 'यंग इंडिया'त टिळक आणि गांधी यांच्यात या प्रश्नाला लागून जाहीर देवाणघेवाण झाली. राजकारण हा साधूंचा नव्हे, संसारी माणसांचा व्यवहार आहे आणि त्यात गीतेतील जशास तसे हे तत्त्व अधिक लागू पडते, अशी टिळकांची भूमिका. शठाशीही सत्यानेच वागावे, ही गांधींची.

झरी जामणीला लागून असलेल्या वणीत १८८० साली जन्मलेले लोकनायक माधव श्रीहरी अणे या दोन्ही प्रवाहांशी जोडलेले होते. ते टिळकांचे अनुयायी. टिळकांवरील त्यांच्या 'श्रीतिलकयशोऽर्णवः' या संस्कृत महाकाव्याला १९७३ मध्ये मरणोत्तर साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पण १० जुलै १९३० रोजी पुसद इथे त्यांनी जंगल सत्याग्रह केला तो गांधींच्या रीतीने : आधी जाहीर करून, उघडपणे कायदा मोडून. १९४२ नंतर मात्र हजारो कार्यकर्ते भूमिगत झाले. १९४४ मध्ये सुटून आल्यावर गांधींनी गुप्ततेला विरोध करून त्यांना उघड होण्याचा सल्ला दिला. साताऱ्याच्या प्रतिसरकारचे नाना पाटील आणि त्यांचे सहकारी भूमिगतच राहिले. त्यांना घरात लपवून पोलिसांना चकवणाऱ्या सामान्य माणसांना लोकस्मृतीत दोष दिला गेला नाही.

मराठी मनाला या प्रश्नाचे सर्वांत परिचित रूप म्हणजे १७ ऑगस्ट १६६६ ची आग्ऱ्याची सुटका. आजाराचे निमित्त, मिठाईचे पेटारे, पलंगावर झोपलेले हिरोजी फर्जंद ही कथा घरोघरी माहीत आहे. तिच्या काही तपशिलांबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत. नीतीच्या दृष्टीने दोन गोष्टी महत्त्वाच्या. राजस्थानी पत्रव्यवहारावरून दिसते, की मोगल दरबारातील रामसिंगाने शिवाजी महाराजांसाठी दिलेला जामीन मागे घ्यावा, असे महाराजांनी त्याला आधी सांगितले होते. विश्वास टाकणाऱ्याला मोकळे करण्याचा तो प्रयत्न म्हणून वाचता येतो. तरीही सुटकेनंतर रामसिंगावर बादशाहाची इतराजी झालीच, आणि मागे राहिलेल्या रघुनाथ बल्लाळ कोरडे व त्र्यंबक सोनदेव डबीर यांना पकडून छळ करण्यात आला.

या परंपरेची कठोर चिकित्साही महाराष्ट्रात झाली. शासनाने १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या लिखाणात डॉ. आंबेडकरांनी कृष्णाच्या युद्धातील कपटाची परखड तपासणी केली. दैवी पात्राने केले म्हणून कृत्य नीतिमान ठरत नाही, असा त्या चिकित्सेचा रोख आहे.

आजच्या प्रमुख भूमिका

पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात हा वाद १७९७ च्या कांटच्या निबंधाभोवती फिरतो. खुनी दाराशी येऊन मित्राचा ठावठिकाणा विचारतो. तरीही खोटे बोलू नये, कारण सत्य बोलण्याचे कर्तव्य परिणामांवर अवलंबून नाही, असे कांटचे म्हणणे. बिमलकृष्ण मतिलाल यांनी कांट आणि कौशिक यांना समोरासमोर आणून दाखवले, की कौशिकाची कथा हे या भूमिकेला फार आधी दिलेले उत्तर आहे. त्यांच्या मते महाभारत सर्वकाळ लागू पडणारा एकच नियम देत नाही. धर्मसंकटात जे कर्तव्य मोडावे लागते त्याची बोच मागे उरते, हे ते मान्य करते.

आजवरच्या भूमिका ढोबळमानाने चार. असत्य कधीच नको, मौन आणि सहनशीलता हाच मार्ग, ही ऑगस्टीन, कांट आणि गांधी यांची. जीव वाचवणारे असत्य हे कर्तव्यच, ही कृष्णाच्या उपदेशाची आणि गझालीची. असत्य बोलावे लागते पण दोष उरतो, म्हणून प्रायश्चित्त हवे, ही मनूची. आणि जे हिताचे तेच खरे, ही व्यासभाष्याची. सद्धर्मपुंडरीकातील युक्तिवाद तिच्या जवळ जातो.

काय अनिर्णित आहे

पहिला अनिर्णित मुद्दा कथा आणि नियम यांच्या नात्याचा. ग्रंथ एखाद्याची फसवणूक निषेधाशिवाय सांगतो, म्हणजे तिला मान्यता देतो का? राहाब आणि लाक्षागृह या दोन्हींबाबत भाष्यकारांचे एकमत नाही.

दुसरा, धोका खरा आहे हे ठरवायचे कोणी. वारणावतात विदुराचा निरोप होता, आग्ऱ्यात पहारा होता. अब्राहामाची भीती मात्र अंदाजाची होती, आणि त्याच्या हातून अन्याय घडला. प्राणसंकटाची सूट भीतीपुरती ताणली तर तिला सीमा उरत नाही. गौतमाने पापी माणसाला वगळून एक सीमा घातली, पण पापी कोण हेही वाचवणाऱ्यालाच ठरवावे लागते.

तिसरा मुद्दा सर्वांत कमी चर्चिलेला आहे : सुटकेची किंमत कोण देतो? शास्त्रकारांनी बोलणारा आणि फसणारा या दोघांचाच हिशेब मांडला. यांतील अनेक कथांत मात्र एक तिसरा माणूस उभा आहे : सारा, नोबचे याजक, कोरडे आणि डबीर, आणि वारणावतातील निषाद स्त्री व तिची मुले. दाविदाने ती जबाबदारी शब्दांत घेतली. पांडवांच्या तोंडी तसे शब्द नाहीत. महाश्वेता देवींनी कुंती आणि निषादीवर लिहिलेल्या कथेत कुंतीला उत्तरायुष्यात याच घटनेला सामोरे जावे लागते. साहित्याने विचारलेला हा प्रश्न नीतिशास्त्राच्या चर्चेत अजून पुरेसा आलेला नाही.

तो आला तर जुन्या भूमिकांतून एक निवडण्यापलीकडे काम उरते. मनूच्या प्रायश्चित्तात शुद्धी बोलणाऱ्याची होते. ज्याच्यावर परिणाम ओढवला त्याला काय द्यायचे, हे त्यात नाही. प्राण वाचवण्यासाठी असत्य चालते असे मानणाऱ्यांना हे उत्तर द्यावे लागेल. चालत नाही असे मानणाऱ्यांचीही त्यातून सुटका नाही, कारण कौशिकाच्या सत्याची किंमतही रानात पळालेल्यांनीच दिली होती.